दार लावणारी

पुष्कर आगाशे आणि ऋतुजा पारखी यांचं लग्न भांडणातून जमलं, असं ओळखीचे लोक सांगत, आणि ते खरंच होतं.

पुष्कर कॉलेजात इतिहास शिकवायचा. महिन्यातल्या एका रविवारी तो सदाशिव पेठेत, एका क्लासच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये वाद ठेवायचा. इतिहासातला असा एखादा निर्णय घ्यायचा, ज्याला सगळं जग चूक म्हणतं. एकानं त्याच्या बाजूनं बोलायचं, एकानं विरुद्ध, आणि मग श्रोत्यांनी दोघांना सोलून काढायचं. ऋतुजा माणची, म्हणजे हिंजवडीच्या पलीकडच्या गावातली. कॉलेजात कबड्डी खेळलेली, खराडीच्या एका कंपनीत नोकरीला. मैत्रिणीबरोबर सहज आली, मागच्या रांगेत बसली आणि पुष्करचं बोलून झाल्यावर उभी राहून म्हणाली, "सर, तुम्ही एकेका सेनापतीला माफ करत सुटलाय. त्यांच्यापायी जे मेले त्यांच्या वतीनं कोण बोलणार?"

पुढच्या महिन्यात तिला विरुद्ध बाजू मिळाली. मग ती तिचीच झाली. दोन वर्षांनी त्यांनी लग्न केलं. पुष्करची आई वासंतीबाई बँकेतून निवृत्त झालेल्या, पहिल्या रांगेच्या कायमच्या श्रोत्या. सुनेबद्दल कोणी विचारलं की म्हणायच्या, "बोलते चांगली. आवाज जरा बांधावरचा आहे, पण माइकचं भाडं वाचतं."

त्या महिन्यात विषय होता दुसरा बाजीराव. खडकीची लढाई झाली, मग इंग्रज येरवड्याशी येऊन ठाकले, आणि पेशवा रातोरात पुणं सोडून गेला. तेव्हापासून त्याच्या नावाला 'पळपुटा' चिकटलं ते आजतागायत. पुष्कर त्याच्या बाजूनं बोलणार होता. जाहिरातीसाठी त्यानं मोबाइलवर छोटा व्हिडिओ केला. त्यात तो म्हणाला, "आपण लढणाऱ्या राजांचे पोवाडे गातो. लढणारे राजे शहरं जाळून घेतात, हे मात्र सांगत नाही. बाजीराव पळाला, पण पुणं उभं राहिलं. मग चूक कोणाची? या आणि भांडा."

कोणीतरी मधलं एकच वाक्य कापून घेतलं. 'लढणारे राजे शहरं जाळून घेतात.' खाली लिहिलं, 'आमच्या राजांचा अपमान, तोही पुण्यात बसून!' आणि सोडून दिलं. शनिवारी सकाळपासून पुष्करच्या फोनवर आईबहिणीचा उद्धार सुरू झाला.

"रद्द कर," ऋतुजा म्हणाली.

"एका वाक्यासाठी?"

"वाक्यासाठी नाही. त्या लोकांसाठी. समोर कोण बसतं आपल्या? आपटेकाकांना गुडघे नाहीत, तुझ्या आईला बीपी आहे."

"आज रद्द केलं तर पुढच्या वेळी विषय कोण ठरवणार? तेच ठरवतील." पुष्करनं चौकीत फोन केला. एक शिपाई येऊन बसेल असं ठरलं. "झालं समाधान?" तो म्हणाला.

रविवारी हॉल भरला होता. नेहमीचे म्हातारे होते आणि व्हिडिओ बघून आलेले थोडे नवेही. त्या हॉलला रस्त्याकडून दगडी जिना आहे. मागच्या अंगाला अरुंद पॅसेज, आणि पॅसेजच्या टोकाला बोळात उतरणारा गोल लोखंडी जिना. हॉल आणि पॅसेजच्या मध्ये जाळीचं सरकतं दार. क्लासवाल्यानं मुलं मागून सटकू नयेत म्हणून बसवलेलं, पॅसेजच्या बाजूनं कडी असलेलं.

पुष्करचं बोलून झालं. ऋतुजा उठली. "बाजीरावानं पुणं वाचवलं म्हणता," ती म्हणाली, "पण जाताना त्यानं पुणेकरांना विचारलं का? माणसं मागं टाकून जाणाऱ्याला..."

खालून आरडाओरडा आला. मग काच फुटल्याचा आवाज. शिपाई अजून यायचा होता. ते आधी आले.

दगडी जिन्यावर खूप पायांची धडधड ऐकू आली. पुष्कर दाराकडे धावला आणि वळून ओरडला, "ऋतुजा, मागून काढ सगळ्यांना!" तो दारात जाऊन उभा राहिला, दोन्ही हात वर करून. "बोलू या," तो म्हणत होता. "मी पूर्ण व्हिडिओ दाखवतो. दोन मिनिटं द्या मला."

पहिला गज त्याच्या खांद्यावर बसला. दुसरा तोंडावर.

ऋतुजानं खुर्च्या लाथेनं बाजूला केल्या आणि म्हाताऱ्यांना दंडाला धरून पॅसेजमध्ये ढकलायला लागली. गोल जिना एका वेळी एकच माणूस घेणारा. आपटेकाका प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत होते. मागच्यांची रांग पॅसेजभर तुंबली. हॉलमध्ये खुर्च्या उडत होत्या. न पळालेल्या एका गृहस्थांच्या डोक्यात स्टंप बसला आणि ते गुडघ्यांवर बसले. ऋतुजानं त्यांना कॉलरला धरून फरपटत जाळीच्या पलीकडे पॅसेजमध्ये ओढलं. तिनं वळून पाहिलं. पुष्कर जमिनीवर होता. तो उठला, धडपडला, पुन्हा उठला आणि तिच्या दिशेनं निघाला. त्याच्या मागे, अगदी मागे, गज घेतलेले चारपाच जण. त्यांतल्या एकानं पॅसेजकडे बोट केलं. "ते बघ, पळाले म्हातारे! घ्या त्यांना!"

तिनं दार ओढलं आणि कडी घातली.

पुष्कर जाळीवर आदळला. त्यानं दोन्ही हातांनी जाळी पकडली. त्याचा चेहरा तिच्यापासून वीतभर लांब होता, डावा डोळा रक्तानं बंद झालेला.

"उघड," तो म्हणाला.

तिनं कडी दोन्ही हातांनी दाबून धरली.

"ऋतुजा, उघड ना!"

त्यांनी त्याला त्या जाळीवरच मारलं. पाठीवर, कंबरेवर, मग जाळीत अडकलेल्या बोटांवर. गज लोखंडावर आपटला की तिच्या दातांत कळ जायची. जाळीतून एक हात आत आला, कडीकडे सरकला. ती त्या मनगटाला कडकडून चावली. दुसऱ्यानं फटीतून गज खुपसला आणि तिच्या उजव्या हातावर हाणला. हाड मोडल्याचं तिला आधी ऐकू आलं, मग कळलं. तिनं डाव्या हातानं कडी धरून ठेवली. मागून वासंतीबाईंचा आवाज येत होता. त्या रांग तोडून उलट्या फिरल्या होत्या. "अगं, उघड! माझा मुलगा आहे तो! उघड म्हणते ना मी!" त्यांनी सुनेच्या वेणीला धरून मागे खेचलं. ऋतुजा हलली नाही.

पुष्कर जाळीवरून घसरत खाली बसला, तरी एक जण मारतच होता. तेव्हा निळ्या चौकटीच्या शर्टातला एक पोरगा पुढे आला. त्यानं मारणाऱ्याचं मनगट पिरगाळून गज हिसकावला. "बास की! मरंल तो!" तो ओरडला. ऋतुजानं त्याचा चेहरा नीट पाहिला. तोही त्याच टोळीत आला होता, आणि तो रडत होता.

मग खालून शिट्ट्या ऐकू आल्या आणि ते सगळे पांगले. तिनं कडी काढली तेव्हा पॅसेज रिकामा झाला होता. वासंतीबाई तेवढ्या होत्या.

पुष्करचा डावा डोळा गेला. प्लीहा काढावी लागली. उजव्या हाताची तीन बोटं पुन्हा नीट वळणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऋतुजाच्या हातात स्टीलची पट्टी घालून वर प्लॅस्टर चढवलं. डोक्यात स्टंप बसलेल्या गृहस्थांना टाके पडले; जिन्यावरून उतरलेल्या बाकीच्यांपैकी कोणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही.

पण पॅसेजमधून कोणीतरी मोबाइलवर ते टिपलं होतं. आवाज नव्हता, नुसतं चित्र. जाळीच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला कडी दाबून उभी बायको. आठवडाभर सगळ्या पुण्यानं ते पाहिलं आणि प्रत्येकाचं मत तयार झालं. चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या बसमध्ये लोक त्यावर भांडत होते. कोणी म्हणालं, निम्मं दार उघडून त्याला आत ओढता आलं असतं. कोणी घड्याळ लावून मोजलं आणि वेळ होता असं सिद्ध केलं, दुसऱ्यानं नव्हता असं सिद्ध केलं. दोघांचं लग्न आधीच मोडायला आलं होतं, असंही एकानं लिहिलं. हल्ला करणाऱ्यांबद्दल फारसं कोणी बोलत नव्हतं. ते गुंडच होते, त्यांच्याबद्दल वेगळं काय बोलणार?

घरी वासंतीबाई तिच्याशी कामापुरतं बोलत. पुष्करला घरी आणलं त्या दिवशी पाहुणे गेल्यावर त्या म्हणाल्या, "दार लावून घे हो. तुला जमतं ते."

ऋतुजानं दार लावलं आणि बाथरूममध्ये जाऊन प्लॅस्टरमधल्या हातानं भिंतीवर बुक्क्या मारल्या, डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत.

पुष्कर भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. औषध दिलं की घ्यायचा. ती काही बोलायला गेली की म्हणायचा, "नंतर."

ऋतुजाचा धाकटा भाऊ विश्वजीत माणला कंपन्यांच्या बसचा धंदा करायचा. दवाखान्यात येऊन त्यानं भावोजींचा चेहरा पाहिला आणि तसाच निघून गेला. पोलिसांनी चौघांना धरलं होतं; बाकीचे फरार होते. विश्वजीत रोज तो व्हिडिओ बघायचा. त्यात एक पोरगा स्पष्ट दिसत होता: निळ्या चौकटीचा शर्ट, हातात गज, पायांशी पुष्कर.

पुढच्या एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला. "ताई, पार्किंगला ये. एकटीच ये."

"का रे?"

"तुझ्यासाठी कायतरी ठेवलंय."

रविवारी कंपन्या बंद, त्यामुळे सगळ्या बस रांगेनं उभ्या होत्या. शेवटच्या बसच्या मागे विश्वजीत आणि त्याचे दोन मित्र होते. बसच्या मागच्या शिडीला एक पोरगा दोन्ही हात वर करून बांधलेला. तोंडात फडकं. उजवा गुडघा नको त्या दिशेला वळलेला, पँट रक्तानं काळी झालेली. विश्वजीतच्या हातात चाकाचे नट काढायचा लांब पाना होता. पान्याला केस चिकटले होते.

"साईनाथ नाव हाय ह्याचं," तो म्हणाला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. "भोरला मामाकडं लपला व्हता. एक पाय म्या फोडला. दुसरा तुझा. घे."

ऋतुजानं त्या पोराकडे पाहिलं. त्यानंही तिला ओळखलं. फडक्याआडून तो काहीतरी सांगायला बघत होता.

"हा न्हाय," ती म्हणाली. गावचं बोलणं तिच्या तोंडात आपोआप आलं.

"न्हाय कसा? व्हिडिओत हाय की!"

"विश्या, ह्यानं गज हिसकावून घेतला. ह्यानं थांबवलं त्यांना. म्या बघितलंय. पोलिसांना तसं लिहून दिलंय."

विश्वजीतनं पुढे केलेला पाना मागे घेतला. मित्र एकमेकांकडे पाहायला लागले. एकानं हळूच सिगारेट विझवली.

"मला का न्हाय सांगितलं?"

"तू विचारलं का?"

आपली चूक झाली हे कळलेल्या माणसाला दोन वाटा असतात: ती कबूल करायची, नाहीतर तीच पुढे रेटायची. विश्वजीतच्या चेहऱ्यावर ऋतुजाला एक क्षण पहिली दिसली. मग त्याचा जबडा घट्ट झाला. "मग आला कशाला व्हता त्यांच्यासंगं?" तो ओरडला. "आरती करायला? आला म्हंजी मारायलाच आला!" आणि त्यानं पाना उचलून साईनाथच्या दुसऱ्या गुडघ्यावर हाणला. फडक्यातून जो आवाज आला तो माणसाचा वाटत नव्हता.

पाना पुन्हा वर गेला तेव्हा ऋतुजा मध्ये घुसली. कबड्डीत पकड करताना घुसायची तशी, खाली वाकून, खांदा पुढे. भाऊ बसवर आदळला. तिनं प्लॅस्टरचा हात फिरवून त्याच्या तोंडावर मारला. प्लॅस्टर तडकलं, त्याचं नाक फुटलं. तिनं पुन्हा मारलं. आतलं जुळत आलेलं हाड परत सरकलं आणि ती किंचाळली, पण मारायची थांबली नाही. पाना त्याच्या हातातून सुटून खाली पडला, तेव्हाच थांबली. मित्र केव्हाच पळाले होते.

तिनं डाव्या हातानं साईनाथच्या तोंडातलं फडकं काढलं. "पाणी," तो म्हणाला आणि बेशुद्ध झाला. तिनं फोन काढला.

विश्वजीत जमिनीवर बसून नाक पुसत होता. "ताई, कुणाला लावतीस? ॲम्ब्युलन्स बोलव, बाकी नको. सांगू, बसखाली आला म्हणून. ताई, म्या आत जाईन गं. तुझ्यासाठी केलंय म्या हे!"

"ठाऊक आहे," ती म्हणाली. मग तिनं पोलिसांना पत्ता सांगितला, स्वतःचं नाव सांगितलं आणि कोणी मारलं तेही सांगितलं.

विश्वजीतला तिथूनच नेलं. रात्रीपर्यंत गावात बातमी झाली. तिची आई सोजरबाई चौकीबाहेर फरशीवर बसली होती. ऋतुजा बाहेर आली तशी ती उठली आणि तिनं लेकीच्या दोन्ही गालांवर चपराकी ओढल्या.

"नवऱ्याला दाराबाहेर ठेवून मार खायला लावलास," ती म्हणाली. "आता पाठचा भाऊ तुरुंगात घातलास. अजून कोण हाय? मला सांग, म्या येते तुझ्याबरूबर."

आई चपला हातात घेऊन अनवाणी निघून गेली.

हल्ल्याच्या खटल्यासाठी पोलीस अधिकारी आगाश्यांच्या घरी जबाब घ्यायला आले. वासंतीबाईंनी त्यांना चहा विचारला नाही, पण खुर्ची दिली. काय पाहिलं ते त्यांनी क्रमानं सांगितलं.

"सूनबाईंनी दार लावलं, त्याबद्दल आपलं काय म्हणणं?" अधिकाऱ्यानं विचारलं. "बचावाचा वकील तोच मुद्दा काढणार. घरातलंच भांडण होतं म्हणेल."

वासंतीबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. पुष्कर ऐकत होता. ऋतुजा स्वयंपाकघरात उभी होती.

"आपण लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "माझ्या पुढे सतरा पायऱ्या आणि वीस म्हातारी माणसं होती. तिनं दार लावलं नसतं तर आज आपण माझा जबाब घेत नसता, पंचनामा करत असता. मला तसं जगायचं होतं का, हे तिनं मला विचारलं नाही. मला नव्हतं. पण तो आमच्या घरातला प्रश्न आहे, कोर्टातला नाही. आणि त्या वकिलाला सांगा, मी तिच्या झिंज्या ओढल्या तेही मी स्वतःच सांगणार आहे."

अधिकारी गेल्यावर त्या भाजी निवडायला बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी अर्धी जुडी ऋतुजाकडे सरकवली. तिचा उजवा हात पुन्हा प्लॅस्टरमध्ये होता. ती डाव्या हातानं मेथी खुडत राहिली.

त्याच संध्याकाळी पुष्करनं पहिल्यांदा तिला आपणहून हाक मारली.

"मला एक सांग. तेव्हा काय विचार केलास तू?"

ती पलंगाच्या कडेला बसली. "काहीच नाही."

"असं कसं? मला एवढ्या दिवसांत शंभर कारणं सुचली. तुझ्या बाजूनंही आणि विरुद्धही. आपटेकाका होते, आई होती, तू संख्या मोजली असशील..."

"नाही मोजली रे. तुला बघितलं, तुझ्या मागं त्यांना बघितलं, आणि हात हलला. नंतर कळलं मला, दार लागलंय. तू उघड म्हणालास तेव्हा मला ऐकू आलं. तेव्हा उघडायचं नाही, हे मात्र मी ठरवलं. प्रत्येक फटक्याला परत परत ठरवलं."

पुष्करनं न वळणारी बोटं चादरीवर सरळ करून पाहिली. मग म्हणाला, "रद्द कर म्हणाली होतीस तू."

"म्हणाले होते."

"ती माझी चूक. ती मी मान्य करतो. तुझी चूक नव्हती, हेही मला दिसतं. एका डोळ्यानंसुद्धा दिसतं." त्याचा आवाज चिरकला. "पण मी तुला हाक मारली होती गं. रोज रात्री मारतो. तू रोज उघडत नाहीस. ते मला माफ करता येत नाही. प्रयत्न केला, नाही जमत."

"मग मी जाऊ?"

"मी जा म्हटलं का?" तो एकदम ओरडला. उशाचा पेला त्यानं मोडक्या हातानं भिरकावला; तो कपाटावर फुटला. "गेलीस तर मी भांडू कोणाशी?"

ती रडायला लागली. तोही. एका डोळ्यातून पाणी येत होतं, दुसऱ्यावरची पट्टी ओली होत होती. बाहेर वासंतीबाईंनी टीव्हीचा आवाज मोठा केला.

साईनाथ कुबड्यांवर चालायला लागला, त्याला बरेच महिने लागले. विश्वजीतला जामीन मिळाला. ऋतुजा एकदा माणला गेली तेव्हा तो रस्त्याच्या पलीकडे मित्रांबरोबर उभा होता. त्यानं तिला पाहिलं आणि गाडी सुरू करून निघून गेला. सोजरबाईनं तिला घरात घेतलं, जेवायला वाढलं, पण स्वतः तिच्याबरोबर जेवली नाही.

पुष्करच्या जखमा पूर्ण भरल्यावर डॉक्टरांनी कृत्रिम डोळा बसवायला सांगितलं. दोघं रिक्षानं गेले. डोळे बनवणारे गृहस्थ वयस्कर होते. त्यांनी मखमलीच्या खणांतून बुबुळांचे नमुने काढून टेबलावर मांडले. सगळे तपकिरी, पण प्रत्येक वेगळा.

"आरशात बघून सांगा," ते म्हणाले.

पुष्करनं दोनतीन उचलून चेहऱ्याशी धरले. "मला सगळे सारखेच दिसतात." त्यानं मान वळवली. "तू बघ."

ऋतुजानं खुर्ची त्याच्यासमोर ओढली. एक नमुना उचलून त्याच्या उजव्या डोळ्याजवळ धरला. "नाही. हा फार पिवळट आहे."

"मान खिडकीकडे करा साहेब," ते गृहस्थ म्हणाले. "बाई, उजेडात नीट बघा. घाई करू नका. रोज तुम्हालाच बघायचंय."

पुष्करनं खिडकीकडे तोंड केलं आणि ती बघायला लागली. बुबुळाच्या कडेला काळसर कडं होतं, आत मधासारखा एक डाग. तिनं दुसरा नमुना धरला, मग तिसरा. तो पापणी न हलवता तिच्याकडेच बघत होता.

"हा?" त्यानं विचारलं.

"थांब," ती म्हणाली. "अजून बघू दे."